मोडक्या पट्ट्यांचा अंत्यविधी

माझी थोरली बहीण युकिएताई दवाखान्यातून माझ्याकडे यायची होती. खुबा मोडलेला, जिना चढायला बंदी, म्हणजे तिला खालचीच खोली हवी. ती नाही मिळाली तर तिला कुठल्यातरी लांबच्या गावच्या वृद्धाश्रमात धाडायचं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. आणि आमच्या खालच्या खोलीत ह्यांच्या स्लाइड रूल राहत होत्या.

नुसत्या स्लाइड रूल असत्या तर मी बोलले नसते. मधली पट्टी सरकवून गुणाकार-भागाकार करायची ती बांबूची पट्टी, तिला जागा ती किती लागणार? पण पट्टीमागून आली गोल तबकडी, तबकडीमागून हँडल फिरवायची लोखंडी यंत्रं. एकेक असं की उचलणाऱ्याची कंबर जावी. आमचे सादाहारू कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरात पाय ठेवायची पंचाईत झाली.

"अहो, ताई रविवारी येतेय," मी म्हटलं. "तिला झोपवायचं कुठे, यंत्रावर?"

"काहीतरी करू."

"काहीतरी म्हणजे काय ते आत्ता सांगा."

"मोडकी आहेत ती काढतो," ते म्हणाले, आणि असा चेहरा केला की जणू मी कुणाचा गळाच दाबतेय.

काढायची म्हणजे कचऱ्यात नव्हे. सुई असो, बाहुली असो, जन्मभर साथ दिलेली वस्तू आम्ही जपानी माणसं देवळात नेतो, भिक्खू मंत्र म्हणतात आणि मग तिला अग्नी देतात. ह्यांच्यासारखी यंत्रं जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यातल्या हिराबायाशींच्या बायकोला मी फोन लावला. तिच्याकडे तर न्हाणीघरातसुद्धा यंत्रं. तिने कोमाकींच्या बायकोला लावला. मंडळातल्या सगळ्यांच्या बायकांनी मिळून टेकडीवरच्या देवळात शनिवार ठरवून टाकला. विधी लाडक्या यंत्रांच्या सन्मानाचा, त्यामुळे नवऱ्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही बायका मनातून फार खूश होतो.

शनिवारी सगळे पुरुष मयताला घालायचे काळे सूट चढवून, पुठ्ठ्याची खोकी छातीशी धरून हजर. भिक्खूंनी अग्नी पेटवला, मंत्र म्हटला आणि म्हणाले, "ठेवा आता एकेक."

कुणी जागचं हललं नाही. हिराबायाशी हळूच आमच्या खोक्यात डोकावले.

"ही जाळणार तुम्ही?"

"सरकती काच फुटलीये हो," हे म्हणाले.

"काच आहे की माझ्याकडे. अगदी ह्याच मापाची."

"मग तुम्हीच न्या."

"नेतो. पण मग माझ्या ह्या तबकडीचं काय?"

"बघू. अरेरे, हिचा काटा कुठे गेला?"

"काटा कोमाकींकडे मिळेल. काय हो कोमाकी?"

झालं. बघता बघता सगळी खोकी उघडली, चष्मे कपाळावर गेले, आणि देवळाच्या अंगणात बाजार भरला. कुणी मोडकं हँडल देऊन चाक घेतंय, कुणी दोन अर्ध्या पट्ट्या जुळवून बघतंय.

"तोमिएबाई," हिराबायाशींची बायको माझ्या कानाशी लागली, "हे मयत करतायत की सोयरीक जमवतायत?"

भिक्खू बिचारे खाकरले. "मंडळी, मंत्र परत एकदा म्हणून झाला. अग्नीत काहीतरी पडायला हवं."

"गुरुजी, ह्यावर सेल्युलॉइड असतं," कोमाकी म्हणाले. "भडका उडेल. देवळाला धोका नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा वेळ कुणाला देवळाची काळजी नव्हती.

माझं डोकं फिरलं. "नेभळट मेले सगळे. द्या इकडे," म्हणत मी ह्यांच्या हातातली पट्टी हिसकावली आणि तरातरा अग्नीपाशी गेले. टाकणार, तेवढ्यात ती हातात उलटी झाली. मागे चाकूच्या टोकाने कोरलेलं होतं: 'मियासाका, यंत्रशाळा, तिसरं वर्ष. सापडल्यास कृपया परत करावी.' ह्यांचंच आडनाव, शिकत असतानाचं. अक्षर वेडंवाकडं, पण 'कृपया' चांगलं खोल कोरलेलं.

माझा हात काही सुटेना.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"धूर गेला डोळ्यात," मी म्हटलं आणि पट्टी गुपचूप माझ्या पिशवीत टाकली. हिराबायाशींच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शत्रूला जाऊन मिळालेय. शेवटी भिक्खूंनी रिकामी खोकी जाळली, यथासांग मंत्र म्हणून. आम्ही नेलं होतं त्याहून जास्त सामान गाठोड्यात बांधून घरी आणलं.

आता ह्यांना बोलायला मला तोंड उरलं नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सख्खी बहीण, लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन हिंडलेली, आणि तिला मी काय सांगणार? रविवारी टॅक्सीत ती आपली खिडकीतून तळं बघत होती आणि मी शब्द शोधत होते.

दार उघडलं तर खालची खोली रिकामी. झाडून पुसून अंथरूण घातलेलं.

मी जिना चढून वर धावले. आमच्या खोलीत यंत्रांच्या ढिगाआड भिंत दिसेना. ह्यांचं कपाट उघडलं तर वरपासून खालपर्यंत स्लाइड रूल.

"तुमचे कपडे कुठेत?"

"दिले. जुने कपडे नेणारे आले होते सकाळी."

"सगळे?"

"काळा सूट ठेवलाय," हे म्हणाले. अंगात माझा गुलाबी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत. थंडी तोंडावर आलेली आणि हा माणूस कोटसुद्धा देऊन बसला होता. मला हसू आलं की रडू, मलाच कळेना.

आम्ही खाली आलो. ताईने ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोमिए, हे तुझा स्वेटर का घालून हिंडतायत?"

"तुला जागा केली गं त्यांनी," मी म्हटलं.

ताई अंथरुणावर टेकली. चारी भिंतींकडे बघत राहिली.

"एवढ्या मोकळ्या खोलीत मी एकटी काय करू?" ती म्हणाली. "दवाखान्यात निदान शेजारी माणसं होती. सादाहारू, तुमची ती हँडलवाली यंत्रं आणा की दोन-चार खाली. फिरवत बसेन."

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत हे जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले होते.