हार घातलेली कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. लासलगावच्या लोहाराने मला घडवलं आणि एकलहऱ्याजवळच्या वस्तीतल्या सहादूने मला बाभळीचा दांडा बसवला. दहा वर्षं आम्ही दोघांनी पाइपलाइनचे चर खणले. घाम गाळून सहादू सुखाची भाकरी खात होता.

मग निवडणूक आली आणि वस्तीत दवाखान्याचं भूमिपूजन ठरलं. आमदारसाहेब आले, नारळ आले, फोटोवाले आले. कुदळ आणायचीच कार्यकर्ते विसरले. सहादू धावत जाऊन मला घेऊन आला. कोणीतरी माझ्या दांड्याला चंदेरी कागद गुंडाळून हार घातला. साहेबांच्या हाताला त्रास नको म्हणून जमीन आधीच भुसभुशीत करून ठेवली होती. त्यांनी एक घाव घातला आणि ही वस्ती म्हणजे माझं घर आहे, असं गहिवरून सांगितलं.

त्या दिवसापासून सहादूने मला कामावर नेलं नाही. साहेबांचा हात लागलेली मानाची कुदळ चिखलात कशी घालायची? त्याने मला खिळ्याला टांगलं. त्याची बायको शकुबाई दम्याने बेजार होती. धाप लागली की माझ्याकडे बघून म्हणायची, "आता व्हईल दवाखाना." मी नुसती गंजत होते, हे तिला कसं सांगणार? पाच वर्षांनी साहेबांनी त्याच जागी दुसरा घाव घातला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

गेल्या महिन्यात शकुबाईला श्वास मिळेना. नाशिकरोडला नेताना रिक्षातच तिचा जीव गेला.

दशक्रियेला साहेब हजर. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण माईक हातात घेऊन "ती मला आईसारखी होती," म्हणाले. दवाखान्याला तिचं नाव देऊ, रविवारी भूमिपूजन करू, असंही बोलले. मला लाज वाटली.

रविवारी सहादूने चंदेरी कागद फाडून मला साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, आता थांबू नका. पाया व्हईपर्यंत खणा."

साहेब हसले. घाव घातला, फोटो निघाला, गाड्या गेल्या. सहादूने मला उचललं आणि तो तिथेच खणायला लागला. लोकांनी त्याचे हात धरले.

"सोडा मला," तो म्हणाला. "शकूला दवाखान्यात न्यायचं हाय."

मित्रांनो, माझ्या गळ्यातल्या हाराला टाळ्या वाजवू नका. आधी माझ्या पात्याला माती लागली आहे का ते बघा. सहादू अजून रोज खणतो आहे, आणि माझा दांडा आता तडकला आहे.