पहिल्या भाताची टोपली

मी टोपली बोलतेय. बांबूची, दोन हातांनी कवेत घ्यावी एवढी. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा लागतो. पाड्यात एक प्रार्थनाघर आहे. कुडाच्या चार भिंती, एक लाकडी क्रूस, आणि त्याच्या डावीकडे एक खिळा. तो खिळा माझा.

मला सुकीने विणलं. बांबूच्या पट्ट्या तिने तीन दिवस झऱ्यात भिजत ठेवल्या होत्या, म्हणून धान्याच्या आधी माझी ओळख पाण्याशी झाली. किती निवळ होतं ते! तळाशी चालणारा खेकडा वरून दिसायचा. सुकी प्रार्थनाघरात कधी येत नाही. झऱ्याजवळचा शेंदूर लावलेला दगड हा तिचा देव. तरी प्रार्थनाघरात जमणाऱ्या मंडळीला सणासाठी टोपली हवी आहे असं कळल्यावर तीच मला घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, टोपली सुकीची हाय. जरा माझ्या गुडघ्यांकडं बघ म्हणावं."

वर्षभर मी रिकामी असायची. कापणी झाली की उपकारस्तुतीचा रविवार येतो आणि घरोघरचं पहिलं पीक माझ्यात पडतं. भाताच्या लोंब्या, नागलीची कणसं, वरई, उडीद, काकड्या. माणसांची एक गंमत सांगते. देवाला सगळं दिसतं असं म्हणतात, तरी आपला भोपळा सगळ्यांच्या वर ठेवतात.

त्या दिवशी जगनकाका माझ्याजवळ उभे असतात. मंडळीतले ते सर्वांत वडील. आलेली प्रत्येक वस्तू ते उलटून पालटून बघतात. किडकी काकडी सापडली की ती परत. "देवाला डागाचं चालत नाय," एवढंच बोलतात. त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नाही. काढते ती फक्त त्यांची पुतणी, सपना.

दोन वर्षांपूर्वी डोंगरावर दगडाची खाण सुरू झाली. सुरुंग उडाला की मी खिळ्यावर डुलायची. पांढरी धूळ पावसाबरोबर झऱ्यात उतरली, पाणी ताकासारखं झालं आणि लेकरांची पोटं बिघडू लागली. बाया दूरच्या पाड्यावरच्या विहिरीला जाऊ लागल्या. जायला यायला दीड तास, डोक्यावर दोन हंडे. त्याच वर्षी खाणवाल्याने प्रार्थनाघराला नवेकोरे पत्रे दिले. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मला आधीचं गवताचं छप्पर बरं वाटायचं, पण टोपलीला कोण विचारतं?

मग खाण थेट झऱ्यापर्यंत वाढवायचं ठरलं. त्यासाठी ग्रामसभेची संमती हवी होती. पाड्यातली निम्मी घरं मंडळीतली, आणि जगनकाका सांगतील तिकडे ती हात वर करणार. काकांनी खाणीच्या माणसाला शब्द दिला होता. सपना तेव्हा जव्हारच्या कॉलेजातून पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. तिने त्यांना प्रार्थनाघरातच गाठलं.

"काका, तुम्ही हो म्हणालातच कसे?"

"बाय, आपण प्रार्थना करू. देव बघून घेईल."

"दोन वर्षं गुडघे टेकून झाले. आता जरा उठूया की."

"हे पत्रे काय आभाळातून पडले? उपकार मानायला शिक."

"खाणवाल्याचे मानायचे आणि ज्याने झरा दिला त्याचे?"

"लय शिकलीस," काका म्हणाले आणि कंदील पुसत बसले. कंदील आधीच स्वच्छ होता.

सणाच्या रविवारी सपना सगळ्यांच्या शेवटी पुढे आली. ओढणीखालून तिने एक बाटली काढली आणि नव्या भातावर ठेवली. काकांनी सवयीने ती उचलून उजेडाकडे धरली. आत पांढुरकं पाणी, तळाला बोटभर गाळ.

"हे काय आणलंस? घाण पाणी काहाला? परत ने. देवाला डागाचं..."

आणि ते थांबले.

"बोला ना काका. देवाला चालत नाही. मग मालूच्या बाळाला कसं चालतं?"

मालू तिसऱ्या रांगेत बसली होती. आठवड्यापूर्वीच तिने जुलाबाने खंगलेल्या बाळाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. तिने मान खाली घातली नाही. सरळ काकांकडे बघत राहिली. काकांनी बाटली परत दिली नाही. हळूच पुन्हा माझ्यात ठेवली. त्या दिवशी गाणं सुरू करायचं ते विसरले.

चौथ्या दिवशी ग्रामसभा होती. सपनाने मला बाटलीसकट कडेवर घेतलं. सुकीही गुडघे धरत आली. सपना बोलायला उठली तसा खाणीचा माणूस हसला. "जगनभाऊ, पोरीला खाली बसवा."

जगनकाका उठले. 

"ती नाय बसायची. मी बसून राहिलो तेच लय झालं. तुमचे पत्रे घेऊन जा."

संमती नाकारण्यासाठी पहिला हात सुकीचा वर गेला. मग मंडळीचे, मग सगळ्या पाड्याचे. मी टोपली नसते, माणूस असते, तर रडले असते.

झऱ्याकडे येणारी खाण थांबली. वरची जुनी मात्र चालूच आहे. धूळ उतरतेच आहे. म्हणून खाण बंद करण्याच्या अर्जासाठी महिन्यातून दोनदा सपना मला घेऊन जीपने मोखाड्याला जाते आणि कचेरीतल्या टेबलावर ठेवते. साहेब म्हणतात, "अर्ज वर पाठवलाय." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.

मला नव्या भाताच्या वासाची फार आठवण येते. तो पट्ट्यांमध्ये मुरायचा आणि पुढच्या कापणीपर्यंत पुरायचा. झऱ्याखालच्या खाचरांत यंदा गाळ भरला, तिकडचं भात आलंच नाही. माझ्यात आता अर्जांच्या नकला असतात. कागदाला कसला आलाय वास!

हे थांबवणं ज्यांच्या हातात आहे, त्या मोठ्या माणसांना मला एकच सांगायचं आहे. तुम्ही सपनाला म्हणता, पोरी, जरा दम धर. टोपलीला दम धरता येतो. पण पाड्यातलं लेकरू सकाळी उठून पाणी मागतं, तेव्हा त्याला ते आजच हवं असतं.