झाकणावरची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. शाळेची मुलं मला बघायला येतात तेव्हा कुणी म्हणतं बिस्किटांचा, कुणी म्हणतं अवजारांचा. एकदा एक चुणचुणीत मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई, केवढा हा जेवणाचा डबा! राक्षसाचा होता की काय?" मला हसूच आलं. माझी लांबी दोन फुटांपेक्षा थोडी कमी आहे. माणसाच्या अंगातलं सगळ्यांत लांब हाड मांडीचं, आणि ते माझ्यात आडवं मावायला हवं. होय मित्रांनो, मी अस्थींचा डबा आहे.

सॅक्रॅमेंटो नदीच्या बांधाला लागून, पेअरच्या बागांमध्ये आमची चिनी वस्ती आहे. १९३८ साली इथल्या कुई-सिंग नावाच्या पत्रेवाल्याने मला घडवलं. माझ्या सांध्यांना त्याने दोनदा डाख दिला. "थेंबभर पाणी शिरता कामा नये. माणूस समुद्र ओलांडून घरी चाललाय," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला.

आमच्याकडे परक्या मातीत कायमचं कुणी झोपत नसे. माणूस गेला की त्याला टेकडीवर पुरायचं, सातेक वर्षांनी अस्थी वर काढायच्या, धुऊन उन्हात वाळवायच्या, डब्यात भरायच्या आणि बोटीने त्याच्या गावी धाडायच्या. हे काम आमच्या वस्तीच्या मंडळाचे फुक काका करत. बोटांची बारीक हाडंसुद्धा ते मोजून घेत. एखादं कमी भरलं तर जेवायला उठत नसत.

माझ्या वाट्याला आले ते बागेतले एक मजूर. सात वर्षांपूर्वी नदीला पूर आला तेव्हा बांधावर पाणी अडवताना ते गेले होते. त्यांचा मुलगा बाक-लुन वीस वर्षांचा होता. अस्थी उचलताना घरच्याने मृताला खऱ्या नावाने हाक मारायची आणि कुठे जायचं ते सांगायचं, नाहीतर जीव मागेच राहतो अशी रीत. बाक-लुनने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यात डोकं घातलं आणि अगदी हळू बोलला. त्याचे गरम श्वास मला अजून आठवतात. ते शब्द माझ्याखेरीज कुणीही ऐकले नाहीत.

मग फुक काका कुंचला घेऊन बसले. "बोल, झाकणावर काय लिहू?"

"यी शिउ-वाह," बाक-लुन म्हणाला.

हे खोटं होतं, मित्रांनो. त्या काळी चिनी मजुराला या देशात उतरूच देत नसत. इथे आधीपासून राहणाऱ्या कुणाचा तरी मुलगा असल्याचा कागद मिळवावा लागे. बापाने यी घराण्याचा तसा कागद मिळवला होता आणि त्याच कागदावर पुढे मुलगाही आला. बोटीतून आलेल्यांना आधी बंदराजवळच्या एका बेटावर अडवून ठेवत; तिथले अधिकारी पेन्सिल घेऊन समोर बसत आणि खोदून खोदून विचारत. गावात घरं किती? विहीर कुठल्या दिशेला? एक उत्तर चुकलं की परत बोटीवर. बारा वर्षांच्या बाक-लुनने परक्या गावाची उत्तरं रडत रडत पाठ केली होती.

"आणि गाव?" फुक काकांनी विचारलं.

बाक-लुन घुटमळला. खोट्या गावी बापाला धाडवेना, आणि खरं गाव झाकणावर लिहिलं, कुणी अधिकाऱ्याने वाचलं, तर इथून हकालपट्टी. "काका, गाव मागाहून सांगतो," तो म्हणाला.

"मागाहून? अरे शहाण्या, गावाशिवाय डबा म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट! बाप जाणार कुठे तुझा?"

"पुढच्या बोटीला सांगतो, काका. नक्की."

बोट गेली. पुढची बोट आलीच नाही. तिकडे लढाई पेटली होती, बंदरं बंद पडली. मग राज्यच बदललं आणि वाट कायमची मिटली. पंचवीस वर्षं मी त्या अस्थी पोटाशी धरून मंडळाच्या मागच्या खोलीत पडून होतो. शेवटी मंडळाच्या लोकांनी त्या पुन्हा टेकडीवर पुरल्या. मग मला कोण विचारतो? कुणी माझ्यात माजाँग खेळाच्या सोंगट्या ठेवल्या. कुणी मला दाराला टेकण म्हणून लावलं, आणि येणाराजाणारा लाथ मारी.

पुढे मंडळाच्या जुन्या घरात दोन खोल्यांचं संग्रहालय निघालं. ते फक्त शनिवारी उघडतं. अर्नेस्ट लोक नावाचे निवृत्त मास्तर ते सांभाळतात. त्यांनी मला पुसलं, काचेत बसवलं, शेजारी दिवा लावला. लोक माझ्यापुढे हळू आवाजात बोलू लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांपूर्वी एका शनिवारी डोरीन आली. बाक-लुनची मुलगी, तीही साठीची. चाकांच्या खुर्चीत एक्याण्णव वर्षांचे बाक-लुन होते. त्यांना आता मुलीचं नावही आठवत नव्हतं. डोरीनने माझ्यापुढे तीन संत्री ठेवली.

"मास्तर, आजोबांना घरी न्यायचंय हो," ती म्हणाली. "आता वाट मोकळी आहे. पण गाव कुठलं? बाबा एकदाच म्हणाले होते की आपण खरे यी नाही. पुढे विचारलं की ताटावरून उठायचे. डबा बघून काही आठवतंय का पाहू."

बाक-लुनने माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात काचेपाशी आला, ओठ हलू लागले. मला वाटलं, आता येणार! आलंच ओठांवर!

तेवढ्यात मास्तरांनी लिहून घ्यायला खिशातून पेन्सिल काढली.

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. हात मांड्यांवर गेले, नजर खाली. आणि तो घडाघडा बोलू लागला, "गाव लुंग-तिन. घरं बावीस. विहीर पूर्वेला. दारापुढे तीन पायऱ्या, तिसरी फुटकी."

डोरीन रडायलाच लागली. "लिहा, मास्तर, लिहा! पायरीसुद्धा आठवतेय बघा!"

मास्तर जरा चाचरले. "डोरीन, आधी नीट खात्री करून घेऊ या का?"

"एक्याण्णव वर्षांचा माणूस आता कशाला खोटं बोलेल?"

ती उत्तरं बेटावरची होती, मित्रांनो. मी आतल्या आत ओरडलो. पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतो? बाक-लुन मान खाली घालून मास्तरांना विचारत होते, "साहेब, मी उतरू ना आता?"

पुढच्या वसंतात डोरीन अस्थी घेऊन गेली, नव्या चकचकीत पेटीतून. गंजका डबा प्रवासाला कोण नेतो? परत आली ती आनंदाने नाचत. "सगळं जुळलं, मास्तर! विहीर पूर्वेला, तीन पायऱ्या, तिसरी फुटकी! म्हणजे आम्ही खरेच यी होतो. बाबाच काहीतरी घोळ करत होते." जुळणारच होतं, कारण ते गाव खरंच होतं, फक्त यांचं नव्हतं. लुंग-तिनच्या लोकांनी टेकडीवर जागा दिली आणि डोरीनने तिथे माणसं जेवू घातली. बाक-लुन त्याच महिन्यात वारले.

मग मास्तरांनी बारीक कुंचला आणला. सत्तर वर्षं रिकाम्या असलेल्या माझ्या झाकणावरच्या जागेत त्यांनी सुबक अक्षरांत लुंग-तिन लिहिलं. येणारे वाचतात आणि म्हणतात, चला, बिचारा पोचला एकदाचा. मी ज्या कामासाठी जन्मलो ते माझ्या हातून कधीच झालं नाही, आणि आता होणारही नाही.

मित्रांनो, मला धूळ लागली तरी चालेल, गंजलो तरी चालेल. पण तुमच्या घरातली म्हातारी माणसं शुद्धीवर आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. ती ताटावरून उठली तर परत जेवायला बसवा, आणि पुन्हा विचारा. पेन्सिल मात्र खिशातच राहू द्या.

त्या दिवशी माझ्यात डोकं घालून बाक-लुन म्हणाला होता, "बाबा, माक जुंग-होई, उठा. साम-होउला जायचंय, घाटापाशी आई उभी आहे."

तिथे आता कुणी उभं नसेल. तरी तुम्हांला सांगून ठेवतो.