माधवीमावशींचा उभा हात

अवंती सकाळपासून टिपणं चाळत होती. उद्या विजय नगरच्या एका कॉलेजात नोकरीसाठी तिला शिकवून दाखवायचं होतं. विषय आला होता साखरेच्या रेणूतला अ‍ॅनोमेरिक इफेक्ट, आणि समोर पहिल्या वर्षाची मुलं!

"चल, देवापाशी बस जरा," म्हणत आईने, सुनेत्राबाईंनी, तिला चेरीताल मोहल्ल्यातल्या भजनाला ओढून नेलं.

सहा जणांचं कडं बसलं होतं. पेटीवर बंडूकाका, बाकी पाच बायका चिपळ्या घेऊन. वर झेंडूच्या माळा लोंबत होत्या, म्हणून बायकांचे हात बाहेर पसरलेले. फक्त पेटीशेजारच्या माधवीमावशींचा हात सरळ वर, माळांत अडकत.

"मावशी, हात बाहेर घ्या ना, मोकळं होईल!" अवंती म्हणाली.

"काहून गं? बरं, घेते."

घेतला मात्र, मनगट बंडूकाकांच्या कोपरावर आपटलं. सूर फाटला. पुन्हा तेच.

"अहो वहिनी, वरच असू द्या हात!" काका हसले. "मला चिपळी दिसते, मी सूर देतो. बाजूला धक्के देऊन राहिल्या तुम्ही!"

हात वर गेला, भजनाने असा रंग धरला म्हणता! अवंती मात्र टाळी द्यायचं सोडून ओरडली, "अ‍ॅनोमेरिक!"

"ही कोणती देवी?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने सहा मुलांचं कडं केलं; ऑक्सिजन झालेल्या मुलाशेजारच्या एकाचा हात वर, इतरांचे बाहेर. "पाच कार्बन, एक ऑक्सिजन. साधारणपणे कार्बनला लागलेले गट मोकळ्या जागेसाठी बाहेर वळतात. पण ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवर दुसरा ऑक्सिजनवाला गट आला, की त्याला उभं राहणं आवडतं. उभं राहिलं की कड्यातला ऑक्सिजन आपली मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी त्याच्याकडे वळवू शकतो. शिवाय दोघांची विजेची ओढ एकाच बाजूला पडून धक्काबुक्की होत नाही."

"मग सगळी साखर उभीच?" मागच्या बाकावरून आवाज.

"नाही रे! पाण्यात ग्लुकोजची बाहेर वळलेली रूपंच जास्त. पण जागेचा विचार केला तर वाटेल, त्याहून उभी जास्त भरतात. हाच तो इफेक्ट."

परीक्षक प्रणोती मॅडमनी चष्मा खाली करून हिंदीत विचारलं, "और ऑक्सिजन हटाकर कार्बन बिठा दिया तो?"

अवंती बोलणार, तोच अख्खा वर्ग ओरडला, "हाथ बाहर, मॅडम!"

मॅडम खळखळून हसल्या. "अच्छा! अवंतीजी, सोमवार से आ जाइए. हे कडं आता तुमचंच."