कोणत्या कॉलेजची पगडी?

मित्रांनो, मी एक जुनी लाल पगडी आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते: मी कुठल्याही कॉलेजात शिकलेली नाही! मला इंग्रजी येत नाही, हिशेब येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. कुणाला नोकरी लावून देणं तर लांबच राहिलं. मी कापड आहे. चांगलं कापड आहे, हे मान्य, पण कापडच! इतकी वर्षं मी हेच सांगते आहे, आणि ऐकतंय कोण?

माझा जन्म कल्याणच्या बाजारातला. तिथे एक पगडबंद बसायचा. एके सकाळी त्याच्याकडे प्रभाकरपंत आले. ते आमच्या आळीतले पहिले बी. ए., आणि तेही मुंबईच्या थोरल्या कॉलेजातून! पगडबंदानं त्यांच्या डोक्याभोवती दोरा धरला आणि तो हसायलाच लागला.

"पंत, डोकं आहे की भोपळा?"

"अरे, विद्या ठेवायला जागा नको का?" पंत म्हणाले.

मग पगडबंदानं लाकडी साच्यावर ओलं कापड पीळ देऊन देऊन गुंडाळलं, सुईनं टाचलं, पुढे चोचीसारखा झोकदार कोका काढला आणि मला उन्हात ठेवलं. पगडी एकदा वाळली की वाळली. ती सैल होत नाही, घट्टही होत नाही. मी प्रभाकरपंतांच्या भोपळ्यासाठी जन्मले, आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर मी नीट बसणं शक्यच नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण आमच्या आळीनं ते कधीच लक्षात ठेवलं नाही.

पंत मला घालून ठाण्याला एका कचेरीत गेले. तेव्हा इंग्रजी लिहिणारा माणूस ठाण्यात शोधूनही सापडत नव्हता. साहेबाचा कारकून तापानं आजारी, टेबलावर कागदांचा डोंगर. पंत दारात दिसताच साहेबानं विचारलं, "उद्यापासून येता, की आत्ताच बसता?" झाली मुलाखत! साहेबानं कॉलेजचं नावसुद्धा विचारलं नाही.

पण कल्याणात बातमी कशी पोचली? "थोरल्या कॉलेजचं नाव ऐकलं आणि साहेब खुर्चीतून उठला!" आणि त्या दिवशी पंतांच्या डोक्यावर कोण होतं? मी! झालं. तेव्हापासून आळीतला जो तो नोकरीच्या भेटीला जाताना मला मागून नेऊ लागला. कुणी आत जुनं धोतर कोंबायचं, कुणी वर्तमानपत्र. ज्याला नोकरी लागे, त्याची आई मला हळदकुंकू लावायची. ज्याला लागत नसे, त्याच्याबद्दल म्हणायचे, "तिरकी घातली असणार मेल्यानं." म्हणजे यश आलं तर माझं आणि अपयश आलं तर त्याचं! हा कुठला न्याय, मित्रांनो? सुरुवातीला मलाही मौज वाटली, खोटं कशाला बोलू. पण पुढे पुढे त्या हळदकुंकवानं माझा कोका पिवळा पडला आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे, मला डोकं नाही, पण तुम्हाला कळलं.

अशी वर्षं गेली आणि हरिहरची पाळी आली.

हरिहर आमच्याच आळीतला. वडील वारलेले, घरात आई, तो आणि धाकटी बहीण सुमती. सुमती मुलींच्या शाळेत जायची आणि घरी येताना रस्त्यानं कविता म्हणायची, तीही मोठ्यानं. घरावर देखरेख काकांची. काकांनी साफ सांगितलं होतं, "वैशाखाच्या आत हरिहरला नोकरी लागली तर उत्तम. नाहीतर हे बिऱ्हाड मोडायचं, सगळ्यांनी माझ्या गावी यायचं आणि सुमतीचं लग्न उरकायचं." काकांच्या गावी मुलींची शाळा नव्हती. तेव्हा हरिहरच्या नोकरीवर कुणाची पाटी-पेन्सिल टांगलेली होती, हे कळलं ना?

हरिहरही बी. ए. होता, चांगला पहिल्या फटक्यात पास झालेला. पण त्याचं कॉलेज नवं होतं. इमारत भाड्याची, नाव कुणी ऐकलेलं नाही. काकांना त्याचीच धास्ती.

"ठाण्याला विचारतील, कोणत्या कॉलेजचे? मग काय सांगशील?"

"आहे ते सांगेन," हरिहर म्हणाला.

"शहाणाच आहेस! काही सांगायचं नाही. विचारलंच, तर खोकायचं."

सुमती तिथेच जात्यापाशी बसली होती. ती म्हणाली, "पण काका, परीक्षा तर एकच ना? दोन्ही कॉलेजांना मुंबईची एकच युनिव्हर्सिटी. त्याच दिवशी, तोच पेपर. मग फरक कसला?"

"पेपर तोच गं, पण भिंती वेगळ्या!"

"पेपर भिंती लिहितात का?"

"हरिहर, हिला आत पाठव. आणि प्रभाकरपंतांकडून पगडी घेऊन ये."

हे सगळं मला मागून कळलं, आणि माझी इतकी चिडचिड झाली! तुमच्या भाच्या-पुतण्यांना तुम्ही शिकवता, पास करवता, आणि ऐन वेळी भरवसा कुणावर, तर माझ्यावर?

ठाण्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर उमेदवारांची ही गर्दी. त्यात हरिहरला त्याचा कॉलेजातला सोबती भेटला, काळुराम. मिठागरवाल्यांच्या घरातला, त्यांच्यातला पहिलाच शिकलेला. वर्गात दोघं एकाच बाकावर बसायचे आणि इंग्रजी निबंधात काळुराम हरिहरच्या पुढे असायचा. त्याच्या डोक्याला घरचं साधं मुंडासं होतं.

"काय रं हरिहर," तो हळूच म्हणाला, "डोक्यावर घागर घिऊन आलास का काय?"

"काकांनी दिली. हसू नकोस, पडेल."

दारावर भिवा पट्टेवाला होता. त्यानं एकेकाला वरून खाली न्याहाळलं. मला पाहिलं मात्र, तो उठून उभाच राहिला.

"अरे, ही तर प्रभाकरपंतांची पगडी! त्यांच्या घरचे का? त्यांच्याच कॉलेजचे असणार. या रावसाहेब, आत या!"

हरिहर घुटमळला. "हा माझा मित्र, आमच्याच कॉलेजचा—"

"बरं बरं. त्यांनी बसावं तिथं पायरीवर. बोलावू."

"तू जा रं," काळुराम म्हणाला. "मी हाय हितंच."

आत शिरस्तेदार आनंदराव बसले होते. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले सगळ्यात वडील कारकून. साहेबापुढे कुणाला उभं करायचं ते तेच ठरवणार. त्यांनीही हरिहरकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"वा! कोणत्या कॉलेजचे आपण?"

हरिहर खोकला.

"पाणी हवं का?"

हरिहर पुन्हा खोकला. त्या खोकल्यानं मी पुढे घसरले आणि त्याच्या भुवयांवर येऊन बसले.

"समजलं, समजलं. पगडीच सांगते आहे," आनंदराव म्हणाले आणि त्याला साहेबाच्या खोलीत घेऊन गेले. मी काही सांगत नव्हते हो! मी तर गप्प होते!

साहेबानं एक लांबलचक मराठी अर्ज पुढे टाकला. एका गावातल्या लोकांनी विहिरीवरून तक्रार केली होती. त्यात आजोबा-पणजोबांपासूनची भांडणं घातली होती आणि मुद्दा कुठे आहे ते देवालाच ठाऊक. "याचा सारांश इंग्रजीत लिहा," साहेब म्हणाला.

हरिहर वाकला. मी डोळ्यांवर आले. त्यानं मला मागे सारलं, दोन शब्द लिहिले, मी परत डोळ्यांवर. एका हातानं मला धरून त्यानं दुसऱ्या हातानं लिहून पाहिलं, तर कागद सरकायला लागला. दौत कलंडायच्या बेतात आली. मला वाटत होतं, अरे वेड्या, काढ मला! पण त्या काळी वरिष्ठांसमोर बोडक्या डोक्यानं बसणं म्हणजे केवढा उद्धटपणा! घरातसुद्धा कुणी पाहुण्यापुढे असा येत नसे.

हरिहरनं एक क्षण डोळे मिटले. सुमतीची आठवण झाली असेल, किंवा नुसता वैताग आला असेल. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर ठेवलं. त्याची शेंडी ताठ उभी राहिली.

"अहो!" आनंदराव किंचाळले.

साहेब मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. हरिहर खाली मान घालून लिहीत राहिला, झरझर, एकदाही न थांबता. मी शेजारी बसून बघत होते. एक अक्षर मी सुचवलं नाही. एक स्वल्पविराम नाही, एक टिंब नाही! साहेबानं कागद वाचला, परत वाचला आणि म्हणाला, "उद्यापासून या."

बाहेरच्या खोलीत आनंदराव खूश. "शेवटी थोरल्या कॉलेजचं पाणी ते!"

आता हरिहर खोकला नाही. "रावसाहेब, मी त्या कॉलेजचा नाही. नव्या कॉलेजचा आहे."

आनंदरावांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"असं?" ते म्हणाले. "मग पगडीचंच तेज म्हणायचं!"

सांगा आता, अशा माणसाचं काय करायचं?

कल्याणला पेढे वाटले गेले. काकांनी सगळ्यांसमोर मला ओवाळलं. कुणीतरी म्हणालं, "पण पगडी तर टेबलावर होती म्हणे." काका म्हणाले, "टेबलावर होती ना? मग!" सुमतीची शाळा वाचली, म्हणून मी सगळं सोसलं. पण पेढा हातात धरून सुमतीनं विचारलं, "दादा, आणि काळुराम?"

हरिहरचा चेहरा उतरला. "त्याला आत बोलावलंच नाही गं. जागा भरली म्हणून भिवानं सांगितलं. हवं तर बिनपगारी उमेदवारी करा, बसा आणि शिका, पुढे बघू, असं म्हणाला. तो घरी गेला."

"त्यानं लिहिलं असतं तर?"

"माझ्याइतकंच चांगलं लिहिलं असतं. कदाचित जास्तच."

मित्रांनो, माझा खरा संताप इथे आहे. नुसती खुळी समजूत असती, तर मी हसून सोडून दिली असती. पण ती थोडी खरी आहे! लिहिलं हरिहरनं, स्वतःच्या डोक्यानं. पण लिहायला त्याला आत सोडलं ते माझ्यामुळे. नावामुळे नोकरी लागत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण नावावाचून दारातच बसावं लागतं, हेही मला सांगायलाच हवं. आणि यात माझा काय गुण? काही नाही! काळुराम पुढे मास्तर झाला, पोरांना उत्तम इंग्रजी शिकवू लागला. कधी भेटला तर हरिहरशी हसून बोलायचा. हरिहरच जमिनीकडे बघायचा.

काही काळानं प्रभाकरपंत थकले. "तूच ठेव ती, मला आता पागोटं बरं," असं म्हणून त्यांनी मला हरिहरला देऊन टाकलं. हरिहरनं ठाण्यात बिऱ्हाड केलं आणि मी तिथल्या ओसरीतल्या खुंटीवर गेले. कुणी मागून नेईना. माझ्या घेरात कोळ्यानं घर केलं, कापडाला कसर लागली. दुर्लक्ष झालं म्हणून रडू की सुटले म्हणून हसू, हेच कळेना.

हळूहळू हरिहर स्वतः शिरस्तेदार झाला. त्याच्या कॉलेजलाही दगडी इमारत मिळाली, नाव झालं. सुमती शाळा पुरी करूनच सासरी गेली आणि पुढे मुलींच्या शाळेत शिकवू लागली. एका सुट्टीत ती भावाकडे आली होती, तेव्हाची गोष्ट. ओसरीवर एक तरुण अर्ज घेऊन आला. हरिहर पानाला चुना लावत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या कॉलेजचे?"

मुलानं नाव सांगितलं. अगदी नवं कॉलेज, कुणी न ऐकलेलं.

"अस्सं," हरिहर म्हणाला आणि कागद न उघडता बाजूला ठेवला. "बघू. कळवू."

मी खुंटीवरून पडायचीच बाकी राहिले! हा हरिहर? आमचा हरिहर?

सुमती माजघरातून थेट बाहेर आली. "दादा, कागद उघडला असतास तर हात मोडला असता का?"

"अगं, माणसं किती येतात! सगळ्यांचं वाचत बसू? कॉलेजचं नाव ऐकलं की अंदाज येतो."

"तुझ्या कॉलेजचं नाव ऐकून तेव्हा काय अंदाज आला असता रे?"

हरिहरनं हातातलं पान परत डब्यात ठेवलं. सुमतीनं कागद उचलला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. तरुण बिचारा घाम पुसत होता.

"चुका आहेत," ती त्याला म्हणाली. "बऱ्याच आहेत. पण मुद्दा सरळ मांडलाय. नीट करून गुरुवारी परत आणा."

"नोकरी मी द्यायची की तू?" हरिहर म्हणाला.

"तूच दे. मी फक्त वाचलं. तेवढंच राहिलं होतं."

गुरुवारी तो तरुण आला. हरिहरनं त्याचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला, आणि त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाचाही. नोकरी त्या मुलाला मिळाली नाही. दुसऱ्या एकाचं इंग्रजी खरोखरच जास्त चांगलं होतं. पण या वेळी का मिळाली नाही, हे हरिहर त्याला डोळ्याला डोळा देऊन सांगू शकला.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी जरूर घ्या. मला उन्हं दाखवा, कसर झटका, घेरात कडुनिंबाचा पाला घाला. म्हातारीला तेवढं पुरे. पण नोकरीच्या भेटीला मला नेऊ नका. तिथे आपापलं डोकं न्या. आणि कधी तुम्हीच टेबलाच्या पलीकडे बसाल, तेव्हा माझ्याकडे बघू नका, नाव विचारू नका. कृपा करून, हात जोडते, म्हणजे हात असते तर जोडले असते: आधी कागद वाचा!