तेवीस नंबरच्या प्लॉटवरचा रोवणा

जगात सगळं हातातून निसटतं, जमीन तेवढी जागची हलत नाही; म्हणून शहाण्या माणसाने पैसा घालावा तर जमिनीतच. शहापूरला प्लॉट घेतल्यावर एप्रिलभर मी हा सिद्धांत भेटेल त्याला ऐकवला. श्रावणात प्लॉट बघायला गेलो, तर तो जागेवर नव्हता.

एप्रिलमध्ये नक्की होता. हमरस्त्यापासून आत, भेगाळलेली टणक जमीन, चार कोपऱ्यांना चुना फासलेले चार दगड आणि बगीचा कुठे, नाली कुठे ते हवेत बोट फिरवून दाखवणारे दलाल नंदलाल. नंबर तेवीस, पंधराशे चौरस फूट. आता तिथे घोटाभर पाणी होतं आणि पाण्यात ओळीने रोवलेलं हिरवंगार धान. दगड कुठे गेले ते धानालाच ठाऊक.

मला मोटारसायकलवर घेऊन आलेला पुतण्या कुंदन वरठीच्या कारखान्यात आहे. कायदा तो चहाच्या टपरीवर शिकला.

“काका, गेला तुमचा प्लॉट,” तो म्हणाला. “ज्यानं रोवलं त्याचा कब्जा. आता कूळ लागते.”

मी तिथेच बांधावर बसलो. त्याला कारण होतं. भंडाऱ्यात चौतीस वर्षांत आम्ही सात भाड्याची घरं केली. पाचव्या घरात वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा घरमालक केळी घेऊन भेटायला आले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, वास्तुशांती नुकतीच झाली आहे, बाबांना गावाकडे हलवलं तर हवापालट होईल. फार सभ्य माणूस. आम्ही बाबांना आंधळगावला आत्याकडे न्यायला निघालो. ते मोहाडीच्या अलीकडेच, गाडीत गेले. हवापालट झाला तो असा.

तेव्हापासून मला एकच धास्ती: आपलीही वेळ कोणाच्या तरी वास्तुशांतीच्या आड येणार. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. मी मरायला जागा घेतली. साडेसहा फूट पुरली असती, पण नंदलाल एवढी सुटी देत नव्हते.

चौकशी करता कळलं, धान पार्वताबाईंनी लावलंय. शेजारची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, त्यांचीच. कुंदनने मुद्रांकावर लिहून आणलं की या जमिनीवर पार्वताबाईंचा काडीचा हक्क नाही, आणि त्यावर बाईंची सही आणायला मला एकट्याला धाडलं. कागद खिशात घालून मी गेलो. बाईंनी खाट टाकली, चहा दिला आणि प्लॉट माझा असल्याचं ऐकून सुटकेचा श्वास सोडला.

“बरं झालं आले, भाऊ. मालक कोन हाय, मलेच मालूम नव्हतं.”

“पण बाई, माझ्या जागेत तुम्ही रोवणा काहून केला?”

“माह्या बांधीत रोवून रोपाचे पऱ्हे उरले होते जी. चारी बाजूनं धान, अन् मधात तुमची बांधी उघडी. तीस वर्षं मजुरीनं तिथंच रोवलं मी. चूल न पेटलेल्या घरावानी दिसे. पाहावलं नाही.”

यावर कागद काढणं मला जमेना. त्याऐवजी, का कोण जाणे, वडिलांची सगळी हकीकत मी त्यांना सांगून टाकली. आणि हेही सांगितलं की जागा मी मरायला घेतली आहे.  बाई माझा कप उचलत म्हणाल्या, “मराले घेतली त घाई कायची? धान त निघू द्या.”

मी बांधील झालो. कागद खिशातच राहिला. पुढच्या धुण्यात बायकोने, विजयमालेने, माझ्या शर्टाचे खिसे तपासले नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. मुद्रांकाचा लगदा झाला.

त्यानंतर मी दर रविवारी धान बघायला जाऊ लागलो. आधी लोंब्या मोजायला, मग नुसताच. दिवाळीच्या आधी बाईंनी निरोप धाडला. चुरणं, म्हणजे मळणी, झालं होतं, चारही दगड जागेवर सापडले होते, आणि त्यांच्या अंगणात अर्धं पोतं धान माझ्या नावाने बाजूला ठेवलं होतं. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. मी एक काडीही उचलली नव्हती.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात जमिनीने मला पहिल्यांदा काही दिलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या हाताने.  मी पोत्यावर हात ठेवला आणि भाषणाला सुरुवात केली: बाई, मी इथे मरायला जागा शोधत आलो होतो, तुम्ही मला...

पार्वताबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यांना पदर लावला. पोतं कुंदनच्या मोटारसायकलवर स्वतः बांधून दिलं, गाठ ओढून पाहिली. गाडी सुरू झाली तशा त्या जवळ आल्या.

“भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “रिकामं पोतं तेवढं वापस आणजा.”