चौघींचा फ्लेक्स

भूकंपानंतर नव्या गावठाणातल्या घरांवर देणगीदारांची नावं मी रंगवली. अक्षरं वीतभर. ज्यानं घर बांधलं त्या गवंड्याचं नाव लिहायला कुणी सांगितलं नाही, अन् मीही विचारलं नाही. पुढं लातुरात क्लासेस उगवले, ब्रश गेला, फ्लेक्सचं मशीन आलं. धंदा मात्र तोच: कुणाला किती मोठं दाखवायचं. यात आपण मुरलेलो आहोत, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

निकालाच्या दिवसांत आमचं माप ठरलेलं. ज्याचा मेडिकलला नंबर लागला तो दाराएवढा, काठावरचे पोस्टाच्या तिकिटाएवढे, बाकीचे नाहीतच. सर मात्र दरवर्षी पहिल्या आलेल्यापेक्षा बोटभर मोठे. यंदा अंबरीश सरांच्या क्लासची शिवांगी चमकली. शिरूर अनंतपाळची, शेतकऱ्याची पोरगी. सर तिचा फोटो घेऊन दुकानात आले आणि मागोमाग ती स्वतःच आली.

"काका, चौघींचे फोटो लावा. सारखे."

"कोण चौघी?"

"आमच्या रूमच्या. फिजिक्स मनस्विनीनं करून घेतलं माझ्याकडून, बाकीचं त्या दोघींनी. मी एकटी कुठं पास झाले?"

सर हसले. "बाळा, त्यांचा नंबर लागला नाही."

"मग माझाबी लावू नका. समोरचे क्लासवाले कालपासून फोटो मागून राहिलेत. त्यांच्या दोन टेस्ट दिल्या होत्या मी."

दोन टेस्टच्या जोरावर समोरचे तिला जन्मापासून आपली म्हणाले असते, हे सरांना माझ्याइतकंच ठाऊक. त्यांनी मान डोलावली. मी चार तोंडं एका मापात बसवली, खाली 'यशाच्या शिल्पकार' टाकलं आणि फ्लेक्स क्लासच्या दारावर चढवला. शिवांगी खालून बघत राहिली. पोरगी मोठ्या मनाची, मलाही जरा भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडतोय तोच मनस्विनी उभी. नांदेडची, आई-वडील दोघंही शिक्षक.

"काका, माझा चेहरा काढा तिथून."

"का गं? चांगला आलाय की."

"फ्लेक्सचा फोटो सगळीकडं फिरला. अर्धापूरच्या मामांनी पेढे वाटले. आत्या विचारते, कोणतं कॉलेज? आता एकेकाला मी सांगत बसू, नंबर लागला नाही म्हणून? परवापर्यंत फक्त घरात माहीत होतं. गुपचूप रिपीट करणार होते मी."

बाकीच्या दोघी तर फोनच उचलत नव्हत्या म्हणे.

मी शिडी घेतली, पांढऱ्या चिकट कागदाचे तुकडे घेतले आणि तिच्यासोबत निघालो. क्लासच्या दारात शिवांगी भेटली. सगळं ऐकून कावरीबावरी झाली.

"तू नसतीस तर मी तिथं वर दिसले असते का?"

"मग तू जा की वर. मला कशाला नेलंस?"

"मी चांगलंच करायला गेले गं."

"हाव, तेच तर! धड भांडताही येईना तुझ्याशी."

मी वर चढलो, मनस्विनीनं शिडी धरली. तेवढ्यात भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावची केवळाबाई नातीला घेऊन ॲडमिशनसाठी आली. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि मनस्विनीला ओळखलं.

"अगं बया, हीच का ती! माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेव. कितवी आलीस?"

"माझा नंबर लागला नाही, आजी."

"मंग वर कशाला टांगलंय?"

सर दारात येऊन उभे होते. शिवांगी पुटपुटली, "फिजिक्स हिनं शिकवलं मला."

केवळाबाईनं ते नीट डोक्यात बसवून घेतलं. मग सरांकडं वळली.

"मंग तुम्ही काय शिकवलं?"

ॲडमिशनची अख्खी रांग सरांकडं बघायला लागली.

"माणिकप्पा, काढ! हिचा फोटो आधी काढ!" सर माझ्यावर खेकसले.

मी तुकड्याची पाठ सोलली. खाली शिडी हलली.

"थांबा काका," मनस्विनी म्हणाली. "राहू द्या."

"अगं, तूच आणलंस ना मला?"

"आणलं. पण ह्यांनी काढा म्हटल्यावर नाही काढायचा."

"आणि मामांचे पेढे?"

शिडी मात्र तिनं सोडली नाही.

"काका, मग माझाच झाका," शिवांगी म्हणाली.

"तिच्या फोटोला हात लावलास तर बघ!" सर गरजले.

खाली केवळाबाई नातीला ढोसत होती, "ती शिडी धरलेली पोरगी कुठं शिकवती, इचार की."

मी चारही तोंडांकडं बघितलं. तुकडा तोवर माझ्याच अंगठ्याला चिकटून बसला होता.